मागणी आणि गरज : संगणक-प्रणाली घडण्यापूर्वीचा धडा

शाळेच्या स्मरणिकेत आठवणींना मानाचे स्थान असते आणि ते योग्यच आहे. परंतु निवासी शाळेत वाढलेल्या मुलांच्या मनात वर्गातला धडा आणि वसतिगृहातला दिवस असे दोन्ही सारखेच रुजलेले असतात. म्हणून या अंकात एक धडाही असावा, असे आम्हांस वाटले. विषय संगणक-प्रणालींचा असला, तरी तो केवळ अभियंत्यांसाठी नाही. जुईनगर, महापे, ऐरोली या पट्ट्यातील कार्यालयांकडे सकाळच्या लोकलने निघालेल्या तरुणांपैकी पुष्कळांचा व्यवसाय प्रणाली लिहिण्याचा किंवा तपासण्याचा आहे. त्यांच्याहून कितीतरी अधिक माणसे त्या प्रणालींवर अवलंबून आहेत : शिष्यवृत्तीचा अर्ज भरणारी विद्यार्थिनी, जातवैधता प्रमाणपत्रासाठी हेलपाटे घालणारे पालक, शाळेच्या कार्यालयातील लेखनिक. प्रणाली तयार होण्यापूर्वी ‘तुम्हांला नेमके काय हवे?’ हा प्रश्न कोणाला विचारला गेला आणि त्याचे उत्तर कसे लिहून ठेवले गेले, यावर या सर्वांचे हिताहित ठरते. विचारण्याच्या, पारखण्याच्या आणि लिहून ठेवण्याच्या या शास्त्राला व्यवसायात ‘रिक्वायरमेंट्स इंजिनिअरिंग’ असे नाव आहे. या लेखात आम्ही त्याला ‘गरजनिश्चिती’ म्हणू.

मागणी आणि गरज यांतील अंतर

जुईनगर स्थानकाचेच उदाहरण घेऊ. ठाण्याहून निघणाऱ्या ट्रान्स-हार्बर मार्गावरील लोकल तुर्भ्यापर्यंत एकाच वाटेने येतात. तेथून वाशीची गाडी सानपाड्याकडे वळते, तर नेरूळ-पनवेलकडे जाणारी गाडी जुईनगरला येते. समजा, जुईनगरमधील एखाद्या कार्यालयाने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी मोबाइलवर चालणारे ॲप करून घेण्याचे ठरवले आणि मागणी लिहिली : ‘ठाण्याहून सुटणारी पुढची लोकल दाखवावी.’ प्रोग्रामरने ती अक्षरशः पूर्ण केली. नवा कर्मचारी ॲपवर विसंबून पहिल्या गाडीत बसला आणि सानपाड्याला उतरला. प्रोग्राममध्ये एकही चूक नव्हती. लिहिलेली मागणीही पूर्ण झाली होती. कर्मचाऱ्याची गरज मात्र ‘मला जुईनगरला नेणारी पुढची गाडी कोणती?’ अशी होती, आणि ती कोणी लिहिलीच नव्हती.

याच मार्गावर ठाणे आणि ऐरोली यांच्या दरम्यान १२ जानेवारी २०२४ रोजी दिघा गाव हे नवे स्थानक सुरू झाले. ज्या प्रणालीत स्थानकांची यादी कायमची ठोकून बसवली असेल, ती त्या दिवसापासून जुनी झाली. गरज एकदा ओळखून भागत नाही; ती बदलते, आणि बदलेल हे गृहीत धरूनच तिची नोंद करावी लागते. या दोन गोष्टी ध्यानात आल्या की गरजनिश्चितीचे अर्धे मर्म हाती आले, असे समजण्यास हरकत नाही.

या विचाराची वाटचाल

संगणकाच्या पहिल्या दोन दशकांत प्रणाली लिहिणे हे बव्हंशी एकेकट्या कुशल माणसाचे काम मानले जाई. कामे मोठी होऊ लागली, तशी ती मुदतीत पुरी होईनाशी झाली. १९६८ साली जर्मनीतील गार्मिश येथे नाटो संघटनेच्या पुढाकाराने तज्ज्ञांची परिषद भरली आणि ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ हा शब्द तेथून रूढ झाला. पूल बांधण्यापूर्वी नदीचे पात्र, पुराची पातळी आणि वाहतुकीचा भार मोजतात. तशी शिस्त प्रणालीच्या कामातही हवी, हा त्यामागील आशय होता.

१९८१ साली बॅरी बेम यांनी आपल्या ग्रंथात प्रणालीतील दोष आणि त्यांच्या दुरुस्तीचा खर्च यांचा संबंध मांडला. गरजेच्या टप्प्यावरील दोष तेथेच सापडला तर एखादे वाक्य खोडून भागते. प्रणाली वापरात आल्यावर सापडला तर दुरुस्तीचा खर्च अनेक पटींनी वाढतो. पुढे १९८६ मध्ये फ्रेडरिक ब्रुक्स यांनी असे प्रतिपादन केले, की प्रणाली बांधण्यातील सर्वांत अवघड भाग नेमके काय बांधायचे हे ठरवण्याचा आहे. गरजांचे दस्तऐवज कसे लिहावेत याविषयी अमेरिकेतील ‘आयईईई’ या अभियंत्यांच्या संस्थेने १९८४ मध्ये मानक प्रसिद्ध केले. आज त्या जागी २०११ मध्ये आलेले आणि २०१८ मध्ये सुधारलेले २९१४८ क्रमांकाचे आंतरराष्ट्रीय मानक आहे.

प्रक्रियेचे टप्पे : एका वसतिगृहाच्या निमित्ताने

आता प्रक्रिया क्रमाने पाहू. उदाहरण आपल्या परिचयाचे घेऊ. समजा, एका निवासी शाळेचे मुख्याध्यापक म्हणतात, ‘मुलांच्या रजेचे अर्ज आता संगणकावर हवेत.’ एवढ्या एका वाक्यावर काम सुरू करणारा अभियंता घाईचा म्हणावा लागेल.

पहिला टप्पा व्यवहार्यतेचा. रजेच्या अर्जात आज कोणती अडचण आहे? ती संगणकानेच सुटणार आहे, की कोऱ्या नोंदवहीत दोन रकाने वाढवूनही सुटेल? खर्च किती, वीज व इंटरनेट यांची स्थिती काय, प्रणाली सांभाळणार कोण? उत्तर नकारार्थी आल्यास काम तेथेच थांबवणे हेही या टप्प्याचे यशच होय.

दुसरा टप्पा गरजांचा शोध. त्यासाठी प्रथम संबंधितांची यादी करावी. रजेशी विद्यार्थी, पालक, गृहपाल आणि वर्गशिक्षक यांचा संबंध उघड आहे. पण फाटकावरील पहारेकऱ्यालाही कोणाला बाहेर सोडायचे हे कळले पाहिजे, आणि स्वयंपाकघरात रात्री किती ताटे वाढायची हे दुपारीच समजले पाहिजे. ही दोन माणसे बैठकीला बोलावली जात नाहीत. म्हणून त्यांच्यापाशी जाऊन विचारावे लागते. मुलाखत, प्रत्यक्ष निरीक्षण, जुन्या नोंदवह्यांचे वाचन आणि एकत्र बैठक ही शोधाची साधने आहेत. त्यांत निरीक्षणाचे मोल विशेष आहे, कारण रोज करीत असलेल्या कामातील कितीतरी बाबी माणसाला सांगाव्याशाच वाटत नाहीत.

शोध नीट झाला तर काय हाती लागते, ते पाहा. पालकांच्या संमतीसाठी मोबाइलवर सांकेतिक क्रमांक पाठवावा, ही सूचना कार्यालयात बसून अगदी सोयीची वाटते. पण काही मुलांचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला परजिल्ह्यात गेलेले असतात. घरात फोन एकच आणि तो वडिलांपाशी. मुलाला न्यायला मामा किंवा आजी आलेली. वडील फडात असल्याने फोन उचलला जात नाही, आणि प्रणाली संमतीवाचून रजा देत नाही. फाटकाशी आजी ताटकळत राहते. येथे खरी गरज अशी आहे : प्रवेशाच्या वेळीच पालकांनी मुलास नेण्याचा अधिकार असलेल्या व्यक्तींची छायाचित्रांसह नोंद करावी, आणि संपर्क न झाल्यास निर्णयाचा अधिकार गृहपालास असावा. शिवाय ज्या पालकांना वाचता येत नाही, त्यांना संदेश आवाजातून मिळावा. हे कोणत्याही तयार पुस्तकात सापडत नाही. ते आजीला विचारल्यावरच कळते.

तिसरा टप्पा विश्लेषणाचा. वेगवेगळ्या माणसांच्या गरजा परस्परांना छेद देतात. गृहपालांना सुरक्षिततेसाठी कडक नियम हवेत, तर पालकांना अडीअडचणीला सवलत हवी. अशा वेळी दोन्ही बाजूंना एकत्र बसवून निर्णय घ्यावा आणि तो कोणी घेतला हेही लिहावे. त्यानंतर गरजांची प्रतवारी करावी : अत्यावश्यक, आवश्यक आणि इष्ट. मूल कोणाबरोबर गेले याची नोंद अत्यावश्यक आहे. रजेची महिनावार रंगीत आलेखचित्रे इष्ट आहेत. पैसे अपुरे पडले तर काय गाळायचे, याचे उत्तर आधीच तयार राहते.

चौथा टप्पा लेखनाचा. ‘प्रणाली सोपी व वेगवान असावी’ हे वाक्य ऐकायला गोड आहे, पण ते पूर्ण झाले की नाही हे कोणीच ठरवू शकत नाही. त्याऐवजी असे लिहावे : ‘पहारेकऱ्याने विद्यार्थ्याचा हजेरी क्रमांक दिल्यावर त्याच्या रजेची स्थिती तीन सेकंदांच्या आत पडद्यावर दिसली पाहिजे.’ दुसरे असे : ‘त्या रात्री जेवणास असणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या दुपारी चार वाजता स्वयंपाकघरास कळवली पाहिजे.’ चांगल्या गरजवाक्यात एकच गोष्ट असते, तिचा एकच अर्थ निघतो आणि ती तपासता येते. प्रत्येक वाक्यास क्रमांक द्यावा, ती गरज कोणाकडून आली हे नोंदवावे आणि ती कशी तपासणार हेही त्याच ओळीत लिहावे. प्रणालीने काय करावे, या झाल्या कार्यात्मक गरजा. ते किती वेगाने, किती सुरक्षितपणे आणि कोणत्या भाषेत करावे, या गुणविषयक गरजा. दुसऱ्या प्रकाराकडे दुर्लक्ष होते. मुलांची वैयक्तिक माहिती कोणाला दिसावी आणि कोणाला दिसू नये, ही गुणविषयक गरजच आहे, आणि २०२३ साली संसदेने संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर ती संस्थेच्या मर्जीची बाब राहिलेली नाही.

पाचवा टप्पा पडताळणीचा. लिहिलेल्या गरजा ज्यांच्या आहेत त्यांनाच वाचून दाखवाव्यात. पडद्यांची चित्रे साध्या कागदावर काढून गृहपालांच्या हाती द्यावीत आणि ‘आज सायंकाळी सहा वाजता एक मामा आले आहेत, आता काय कराल?’ असे विचारावे. कागदावर बोट ठेवून पुढे जाताना ते जेथे अडतील, तेथे गरज अपुरी आहे. या तपासणीस एक दुपार पुरते आणि खर्च जवळजवळ शून्य येतो.

सहावा टप्पा बदलांच्या व्यवस्थापनाचा, आणि तो प्रणाली वापरात असेपर्यंत संपत नाही. बदल कोणी सुचवला, त्याने इतर कोणत्या गरजांवर परिणाम होईल, मान्यता कोणी दिली, या तिन्ही बाबींची नोंद ठेवावी. तोंडी सांगितलेले आणि तोंडीच मान्य झालेले बदल हे पुढील भांडणाचे बी असते.

२०१७ सालचा निकाल

गरजनिश्चिती अपुरी राहिल्यास किंमत कोण मोजतो, याचे आपल्या परिसरातील उदाहरण अनेक पालकांच्या स्मरणात असेल. २०१७ च्या उन्हाळी परीक्षांपासून मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय घेतला. परीक्षा सुमारे पावणेपाचशे आणि उत्तरपत्रिका सतरा लाखांच्या घरात. त्या सर्व स्कॅन करून प्राध्यापकांनी पडद्यावर वाचायच्या होत्या. कायद्याने निकाल ४५ दिवसांत लागावयास हवेत. ते लागले नाहीत. कुलपती या नात्याने राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत घालून दिली. तीही उलटली आणि काही विद्याशाखांचे निकाल सप्टेंबरपर्यंत रखडले. उत्तरपत्रिकांची सरमिसळ झाल्याच्या आणि त्या सापडत नसल्याच्या तक्रारी आल्या. २४ ऑक्टोबर २०१७ रोजी कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले.

उद्देश गैर होता, असे कोणी म्हणणार नाही. पडद्यावरील तपासणीने बेरजेच्या चुका टळतात, गुणांत फेरफार करणे अवघड होते. हा निर्णय परीक्षांच्या हंगामातच अमलात आणला गेला, हे मात्र येथे महत्त्वाचे. आमच्या अभ्यासाच्या दृष्टीने येथे पुढील प्रश्न पडतात : एका दिवसात किती उत्तरपत्रिका स्कॅन होतील? एक प्राध्यापक पडद्यावर दिवसाला किती तपासू शकेल, आणि ते काम जमण्यासाठी त्याला किती दिवसांचे प्रशिक्षण लागेल? पुरवणी मूळ उत्तरपत्रिकेशी कशी जोडलेली राहील? स्कॅन अस्पष्ट निघाला तर ती उत्तरपत्रिका कोणाकडे जाईल? आणि नवी पद्धत अडली तर जुन्या पद्धतीकडे परतण्याचा निर्णय कोणत्या तारखेस व कोण घेईल? यांतील प्रत्येक प्रश्न हा गरजवाक्याचा कच्चा मसुदा आहे. एकाच विद्याशाखेवर प्रयोग करून पाहणे, ही पडताळणीची सर्वांत साधी रीत आहे. उच्च शिक्षणाचा प्रवेश किंवा नोकरीची संधी ज्यांच्या हातून निसटण्याची वेळ आली, त्या विद्यार्थ्यांचा या कशाशीही संबंध नव्हता.

असे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. २६ ऑक्टोबर १९९२ रोजी लंडनच्या रुग्णवाहिका सेवेने नवी संगणकीय प्रणाली सुरू केली. प्रत्येक रुग्णवाहिका कोठे आहे याची अचूक माहिती प्रणालीला सतत मिळत राहील, हे त्यात गृहीत धरले होते. प्रत्यक्षात माहिती अपुरी व चुकीची येत गेली, नोंदी साचल्या आणि काही दिवसांतच ती सेवा कागदावर परतली. चौकशी अहवालात जे दोष दाखवले गेले, त्यांत प्रत्यक्ष काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना प्रणालीच्या घडणीत पुरेसे सामावून न घेतल्याचाही समावेश होता.

नाव, प्रवर्ग आणि अक्षर

आता ज्या तीन गोष्टी आपल्या समाजाच्या रोजच्या अनुभवातील आहेत, त्यांकडे वळू.

पहिली गोष्ट नावाची. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते, अन्य ओळखपत्रांवर स्वतःचे नाव आधी. दोन्ही नोंदी एकाच व्यक्तीच्या असूनही प्रणालीने अक्षरशः तुलना केली तर त्या जुळत नाहीत. त्यातच महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या बाबतीत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम शासकीय दस्तऐवजांसाठी ठरवला. आज जी प्रणाली नावासाठी तीनच चौकटी देईल, ती ही मुले शाळेत येतील तेव्हा अपुरी पडेल.

दुसरी गोष्ट प्रवर्गाची. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातींची मान्यता धर्माशी जोडली गेली होती. १९५६ मध्ये त्यात शीख धर्मीयांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला. महाराष्ट्राने राज्यापुरत्या सवलती त्यापूर्वीच दिल्या होत्या. म्हणजे एकाच विद्यार्थ्याचे उत्तर राज्याच्या अर्जात एक आणि केंद्राच्या अर्जात दुसरे, अशी स्थिती अनेक वर्षे होती. एखाद्या प्रणालीत ‘धर्म : बौद्ध’ लिहिल्याबरोबर अनुसूचित जातीचा पर्याय बंद होत असेल, तर तो केवळ तांत्रिक दोष राहत नाही, त्याने एका मुलाची शिष्यवृत्ती अडते. येथून अभियंत्याने दोन धडे घ्यावेत. कायदा हाही गरजांचा उगम आहे आणि त्याचे मूळ कलम वाचलेच पाहिजे. तसेच बदलू शकणारे नियम प्रोग्रामच्या पोटात पुरून न ठेवता वेगळ्या तक्त्यात ठेवावेत, म्हणजे कायदा बदलताच तक्त्यातील ओळ बदलता येते.

तिसरी गोष्ट अक्षराची. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. हा भेद मराठी माणसास सांगावा लागत नाही. परंतु देवनागरी म्हणजे हिंदी, एवढेच ज्याने गृहीत धरले त्याच्या प्रणालीत ‘ऱ’चे हे रूप चुकते आणि ‘कुऱ्हाडे’ आडनावाच्या मुलाचा दाखला चुकीचा छापला जातो. ‘ॲ’ या मराठी अक्षरास युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळण्यास २००८ साल उजाडावे लागले. भाषा जाणणारा माणूस गरजनिश्चितीच्या बैठकीत असणे का आवश्यक असते, हे यावरून स्पष्ट व्हावे.

आपण काय करावे

जे माजी विद्यार्थी या व्यवसायात आहेत, त्यांना आमचे सांगणे असे : ग्राहकाचे पहिले वाक्य शिरोधार्य मानून थांबू नका, ‘हे कशासाठी हवे?’ असे नम्रपणे पुनःपुन्हा विचारा. बैठकीत जो नाही, त्याच्याकडे उठून जा. वसतिगृहात राहिलेल्या मुलाला मामा, आजी, पहारेकरी आणि स्वयंपाकघर या साऱ्यांची जाण उपजतच असते. तिचे मोल तुमच्या पदवीइतकेच आहे.

जे पालक, शिक्षक आणि कार्यकर्ते या व्यवसायात नाहीत, त्यांच्यावरही जबाबदारी आहे. संस्था, सहकारी पतपेढी, गृहनिर्माण संस्था किंवा विहार समिती यांच्यासाठी कोणी प्रणाली करून देऊ लागले, तर पाच गोष्टी मागून घ्याव्यात : गरजांची लेखी यादी, प्रत्येक गरजेपुढे ती कोणाची आहे याची नोंद, ती पूर्ण झाली हे कसे तपासणार याचे उत्तर, काम सुरू होण्यापूर्वी पडद्यांची कागदावरील चित्रे, आणि प्रणाली बंद पडल्यास काम कसे चालेल याची तजवीज. ही यादी आपल्याला समजेल अशा मराठीत असावी, असा आग्रह धरण्यात संकोच करू नये. न समजलेल्या कागदावर सही करू नये, ही आपल्या वडीलधाऱ्यांची शिकवण येथेही तितकीच लागू पडते.

येत्या काळात शाळेचा प्रवेश, शिष्यवृत्ती, वसतिगृहातील जागा, परीक्षेचा निकाल हे सारे अधिकाधिक प्रणालींच्या हाती जाणार आहे. त्या प्रणाली लिहिणाऱ्या खोल्यांत आपली मुले आता बसू लागली आहेत. गरजा लिहिल्या जात असतील तेव्हा, फाटकाशी उभ्या असलेल्या आजीसाठीही त्यांनी एक ओळ लिहावी, एवढीच अपेक्षा व्यक्त करून आम्ही हा धडा येथे पुरा करतो.